फिल्टरच्या बैठकीवर राहिलेली जुनी रिंग आणि इतर प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं घरच्या घरी ऑइल बदलण्याबद्दलची आहेत. मृगाआधी ट्रॅक्टर तयार ठेवायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : माझा ४५ एचपीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. यंदा पहिल्यांदाच घरी ऑइल आणि फिल्टर बदलला. चालू केल्याबरोबर फिल्टरच्या काठातून ऑइलची धार लागली. पान्यानं आणखी आवळला तर धार बारीक झाली, पण थांबली नाही. दीड-दोन लिटर ऑइल अंगणात गेलं. फिल्टर डुप्लिकेट निघाला का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : फिल्टरला दोष देण्याआधी तो खोलून वर, इंजिनाकडच्या बैठकीकडे टॉर्च मारून पाहा. फार करून तिथे जुन्या फिल्टरची रबरी रिंग चिकटलेली सापडेल. गरम-थंड होऊन होऊन ती इतकी चपटी आणि काळी होते की बैठकीचाच भाग वाटते. नखानं खरवडली की कळतं. तिच्यावर नवी रिंग बसली की रबरावर रबर होतं, आणि ऑइलचा दाब चढला की वरची रिंग बाजूला सरकते. चालू इंजिनात हा दाब साधारण ३ ते ४ किलोचा असतो, त्यामुळे तिथून ऑइल झिरपत नाही, सरळ धारच लागते. अशा वेळी आवळून काही होत नाही. पहिलं काम इंजिन बंद करणं. धार लागलेली असताना ट्रॅक्टर चालू ठेवला तर काही मिनिटांत चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, रिकामं होतं आणि बेअरिंग धरतात.

जुनी रिंग लाकडाच्या चिपेनं काढा. पेचकस लावला तर बैठकीवर चरा पडतो आणि तो पुढे कायम गळतो. नव्या फिल्टरची रिंग आता पिळली असेल किंवा पान्यानं डबा चेमटला असेल, तर तो फिल्टर परत बसवू नका, दुसरा आणा.

जुनी रिंग नसलीच, तर आटे तपासा. दिसायला सारखेच असलेले फिल्टर दोन आट्यांचे येतात : एक पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचा, आणि दुसरा २० मिलिमीटरचा. इंजिनावरच्या पाऊण इंची आट्याच्या खुंटीवर २० चा फिल्टर ढिला ढिला चढतो, शेवटी पकडल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली सुटतो. म्हणून दुकानात जाताना जुना फिल्टर सोबत न्या आणि त्यावरचा नंबर जुळवून घ्या. नुसतं ट्रॅक्टरचं नाव सांगून भागत नाही.

आता पुढच्या वेळेसाठी सगळं काम क्रमानं सांगतो. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा. रोटाव्हेटर मारून आल्या आल्या नट खोलू नका, ते ऑइल हात भाजून काढतं. ऑइल भरायचं टोपण, चेंबरचा नट आणि फिल्टरची बाजू डिझेलच्या फडक्यानं आधी पुसून घ्या. काळ्या मातीचा थर तिथे हमखास असतो आणि खोलताना तीच माती आत पडते. वरचं टोपण काढून ठेवा म्हणजे ऑइल एकसारखं निघेल. खाली गोडेतेलाचा १५ किलोचा डबा आडवा कापून ठेवला की पुरतो, कारण या ताकदीच्या ट्रॅक्टरमध्ये सात-आठ लिटरच्या आसपास ऑइल असतं. नेमका आकडा तुमच्या माहितीपुस्तिकेत आहे, तोच खरा. धार संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. नटाचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा टाका, तो एकदाच नीट दबतो.

फिल्टर काढला की त्याच्या तोंडावर रिंग आहे ना, हे तिथल्या तिथे पाहायचं. हे पाहिलं असतं तर तुमचं ऑइल वाचलं असतं. बैठक कोरड्या स्वच्छ फडक्यानं पुसा. नव्या रिंगेला बोटानं नवं ऑइल लावा, कोरडी रिंग आवळताना पिळते. रिंग बैठकीला टेकेपर्यंत हातानं फिरवा आणि तिथून पुढे पाऊण फेरा, तोही हातानंच. फिल्टरच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं करा. पाना हा काढायला, बसवायला नाही. काही जण फिल्टर आधी ऑइलनं भरतात. भरायचाच असेल तर कडेच्या बारीक छिद्रांतून भरा. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेलं ऑइल न गाळता थेट बेअरिंगकडे जातं.

ऑइल आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. स्टॉपची दांडी ओढून धरा आणि स्टार्टर आठ-दहा सेकंद मारा, म्हणजे इंजिन पेटायच्या आत फिल्टर भरतो. मग चालू करा. रेस देऊ नका. काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझला पाहिजे किंवा काटा चढला पाहिजे. नाही झालं तर लगेच बंद करा. खाली वाकून नट आणि फिल्टर पाहा. बंद करून दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी काढा, पुसा, परत घाला, मग पाहा. वरच्या खुणेच्या जरा खाली ठेवलेलं चांगलं. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

प्रश्न : ऑइल बदलून दोनच दिवस झाले, तर पट्टीवर काळंकुट्ट दिसतं. दुकानदारानं फसवलं का?
– ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. डिझेल इंजिनात काजळी होते आणि चांगलं ऑइल ती धरून ठेवतं, म्हणून लवकर काळं पडतं. काळजी दुसऱ्या दोन गोष्टींची करा. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं तर आत पाणी जातंय. आणि पट्टीवरची पातळी आपोआप वाढत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर पंपाकडून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. या दोन्हींत ट्रॅक्टर वावरात नेऊ नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात ४६ अंशांपर्यंत जातं. उन्हाळ्यापुरतं जाड ऑइल टाकावं का? आणि २५० तासांनीच बदलायचं का?
– ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच टाका. त्यातला ४० हा आकडा १०० अंशांवर ऑइल किती दाट राहतं ते सांगतो, म्हणजे आपला उन्हाळा त्यात धरलेला आहे. इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचं कुटार अडकलंय का ते पाहा, बहुतेक वेळा तिथेच दोष असतो.

पुस्तिकेत २५० तास असतील तर ते साध्या कामाचे तास समजा. मळणी यंत्रावर ट्रॅक्टर दिवसभर भुशाच्या ढगात उभा असतो, तिथे लवकर बदललेलं बरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एअर फिल्टर. ऑइल बाथचा, म्हणजे खाली ऑइलची वाटी असलेला, असेल तर मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी त्याची वाटी खोलून पाहा. तळाशी चिखल बसला असेल तर ऑइल फेका, वाटी डिझेलनं धुवा आणि खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं. इथून आत गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा घासते आणि मग नवं ऑइलही वाचवू शकत नाही.

प्रश्न : माझ्या १०० सीसी मोटारसायकलमध्ये पुतण्याच्या कारचं उरलेलं ऑइल टाकलं. आता चिखलदऱ्याच्या घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही.
– ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : क्लच घसरतोय. मोटारसायकलच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती प्लेटांना पकड घेऊ देत नाहीत. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं, पुस्तिकेतल्या ग्रेडचं फोर-टी (फोर-स्ट्रोक मोटारसायकलचं) ऑइलच घ्या. गाडी कोमट असताना सगळं काढा, नवं भरा, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला. क्लचच्या दांडीला थोडी ढिलाई आहे ना, तेही पाहा. एवढं करून पकड आली नाही तर प्लेटा बदलाव्या लागतील.

खालचा नट ॲल्युमिनियमच्या बॉडीत बसतो. पहिले तीन-चार आटे बोटांनीच लावा आणि हातभर लांबीचा पाना वापरू नका. आटे गेले तर एम-सील लावून चालवू नका, लेथवर नव्या आट्यांची कॉइल बसवून घ्या.

प्रश्न : निघालेलं जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावतो. काही जण बैलाच्या खरजेवरही लावतात. चालतं का?
– ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : बैलाला मुळीच लावू नका. जनावर अंग चाटतं आणि ते पोटात जातं. शिवाय जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचा अंश आणि कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. खरजेला पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वस्तात औषध मिळतं. खांबांना लावलेलं पावसानं धुऊन धुऱ्यावरून नाल्यात आणि विहिरीत उतरतं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. घट्ट टोपणाच्या कॅनमध्ये साठवा, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नका, आणि नोंदणी असलेल्या खरेदीदाराला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्या. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर त्याच कॅनवर ठेवला की त्यातलं उरलेलं ऑइलही निथळतं. तेलकट फडकी मात्र कापूस भरलेल्या खोलीत ठेवू नका.