जुन्या पिकअपमधला रेडिओ खरखरतो आणि स्टेशन धरत नाही; नवा टेप बसवावा का, आणि कोणता घ्यावा?

नवा टेप मुळीच बसवू नका, निदान एरियलचा पाया उघडून पाहिल्याशिवाय तरी नको. आपली डिझेल पिकअप पंधरा वर्षांची आहे, ती गुहागरला समुद्राजवळ उभी असते आणि इंजिन चालू केले की खरखरीबरोबर शिट्टीही ऐकू येते, असे आपण लिहिले आहे. आमच्या गाडीचे दुखणे अगदी हेच होते आणि त्यावरून घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हर्णैच्या किनाऱ्यावरून मासळी भरून ती चिपळूणला पोहोचवण्याचे काम आमची पिकअप बारा वर्षे करत होती. लिलावाच्या वेळी गाडी ओल्या वाळूपर्यंत न्यावी लागे आणि परतीच्या वाटेवर क्रेटमधले खारट पाणी हौद्यातून सतत गळत राही. अशा गाडीच्या पत्र्याचे काय होते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून मच्छीमारांना दिला जाणारा हवामानाचा इशारा मला ऐकावाच लागे, कारण होड्या निघणार नसतील तर बर्फ विकत घेऊन तो वाया जाणार हे ठरलेले असे. एका पावसाळ्यानंतर मिडियम वेव्हवर ते केंद्र लागेनासे झाले. तालुक्याच्या गावातल्या एका वायरमनने टेप उघडूनही न पाहता सेट गेल्याचे सांगितले आणि माझ्याहून नऊ वर्षांनी थोरले असलेले आमचे दादा त्याच्या शब्दावर साडेचार हजार रुपये मोजून मोकळे झाले. नव्या टेपमधूनही तीच खरखर आली. दोष सेटमध्ये नसून अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेल्या विजेच्या जोडणीत आहे, असे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. दादांच्या मते नवा मालच हलका निघाला.

मासेमारी बंदीच्या दिवसांत मी स्वतः टेपमागची एरियलची केबल उपसली. खरखर तत्काळ थांबली, म्हणजे ती एरियलच्या वाटेने येत होती. शिट्टी मात्र राहिली आणि रेस दिल्यावर चढत गेली, म्हणजे ती ऑल्टरनेटरकडून, पुरवठ्याच्या किंवा अर्थच्या तारेतून येत होती. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे ठिणगीवर संशय घेण्याचे कारण नव्हते. मडगार्डवरचा एरियलचा नट खोलला, तर वॉशरखाली गंजाचे पापुद्रे होते. सुटलेल्या केबलची बाहेरची जाळी आणि गाडीची बॉडी यांमधला रोध मल्टिमीटरने मोजला तेव्हा तो चाळीस ओहम भरला. तो एका ओहमच्या आत असायला हवा. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासून नवे वॉशर घातले आणि नट आवळून वरून ग्रीस लावले. टेपची काळी तार डॅशबोर्डखालच्या एका गंजक्या स्क्रूला बांधलेली होती, ती सोडवून बॉडीच्या स्वच्छ केलेल्या जाड बोल्टवर घेतली आणि मुद्दाम जुनाच टेप पुन्हा जोडला. रत्नागिरी केंद्र स्पष्ट लागले. दादांनी हलका ठरवलेला तो नवा टेपही पुढे पुतण्याच्या गाडीत नीट अर्थिंग देऊन बसवला आणि तो आजही स्वच्छ वाजतो. एवढ्यावरही त्यांनी आपली चूक कबूल केलेली नाही.

घाटात एफएम जात असेल, तर त्याला गाडीचा दोष मानू नका. एफएमच्या लहरी डोंगराआड फारशा वळत नाहीत. मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच दूरवर पोहोचतात. म्हणूनच स्वस्त म्हणून केवळ एफएम असलेला टेप घेणे मला पटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि फ्यूज जितक्या अँपिअरचा असेल तितक्याचाच घाला. इंजिन बंद असताना, चांगले एरियल लावूनही आवाज फाटत असेल किंवा गुणगुण राहत असेल, तर मात्र सेटमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकलेले असू शकतात. तेव्हा तो आपल्यासमोर उघडून दाखवणाऱ्या कारागिराकडेच न्या.