माल काढायच्या तोंडावर शेततळ्यात औषध टाकू नका

प्रश्न (मोहोळ तालुका): 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. काहींच्या अंगावर लाल चट्टे आलेत. दुकानदाराने अँटिबायोटिकची पावडर आणि चुना दिलाय. आठ दिवसांनी माल काढायचाय. बर्फ किती लागेल?

उत्तर: पावडर परत करा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली अँटिबायोटिक औषधं मत्स्यपालनात बंद आहेत. त्यांचा अंश मासा शिजवूनही जात नाही. पुडीवर घटकच छापलेला नसेल तर आत काय आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. बंदी नसलेलं औषध दिलं तरी थांबावं लागतं. ढोबळ हिशेब 500 अंश-दिवसांचा (पाण्याचं तापमान गुणिले दिवस): पाणी 25 अंश असेल तर शेवटच्या डोसनंतर 20 दिवस, थंडीत 20 अंशांवर 25 दिवस. तुमच्या हातात आठच आहेत. म्हणून औषध नको म्हणजे नको.

चुनाही नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं. चुन्याने सामू (पीएच) आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. मग मासे वर येऊन तोंड उघडू लागले की दुकानदार दुसरी पुडी काढतो. आधी सामू मोजा.

डोसही इथेच चुकतो. लांबी-रुंदी-खोली गुणून सगळे 27 लाख लिटर धरतात. बाजूंचा उतार 1:1 (एक मीटर खाली, एक मीटर आत) असेल तर तुडुंब तळ्यात पाणी 22 लाखच असतं, आणि दीड मीटरवर आलं की 10 लाखांच्याही आत. म्हणजे डोस पावणेतीनपट पडतो!

चट्ट्यांचे मासे वेगळे काढा, विकू नका. मेलेले चुना टाकून पुरा. खाद्य निम्म्यावर आणा, तळाचं पाणी थोडं काढून ताजं भरा. चट्टे वाढले तर काढणी पुढे ढकला आणि आजारी पण जिवंत मासा मत्स्य कार्यालयात दाखवा.

काढणीआधी 24 तास खाद्य बंद. पोट भरलेला मासा लवकर नासतो. जाळं पहाटे ओढा. किलोला किलो बर्फ, फोडलेला आणि पिण्याच्या पाण्याचाच: खाली थर, मासा, वर थर. क्रेटला तळाशी भोकं हवीत. मासा ताजा दिसावा म्हणून फॉर्मेलिन हे विषारी रसायन सुचवणाऱ्याला दारात उभं करू नका. कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी मासळीला वापरू नका, आणि डाळिंबाचा फवारणी पंप तळ्यात बुडवून भरू नका.

अनुदान: प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. चौकशी मत्स्य कार्यालयातच करा, दुकानात नको.