दोष रक्तातच आहे, मग औषध लागू पडेल का?

कर्करोगाच्या रुग्णाच्या जनुकीय तपासणीत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष सापडला की घरच्यांकडून बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो: आजार रक्तातूनच आला असेल, तर उपचारांचा उपयोग होणार का? या प्रश्नामागे किती भीती दडलेली असते, हे मला एका कुटुंबाच्या निमित्ताने फार जवळून पाहायला मिळाले. त्यांची ओळख पटू नये म्हणून येथे तपशील बदलले आहेत.

थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, सेहेचाळिसाव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाला होता. आजार पोटात पसरलेला होता. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पार पडली आणि त्यांना चांगला गुणही आला. त्यानंतर डॉक्टरांनी करायला सांगितलेल्या तपासणीचा रिपोर्ट आला. बीआरसीए-१ मध्ये रोगकारक ठरलेला बदल आहे, असे त्यात म्हटले होते. रिपोर्ट घेऊन ताई, त्यांची अडतीस वर्षांची धाकटी बहीण आणि ताईंची एकोणीस वर्षांची मुलगी अशा तिघी माझ्याकडे आल्या. धाकटी म्हणाली, "मॅडम, इतके दिवस वाटत होतं, केमो झाली, ताई सुटली. आता हे रक्तातच आहे म्हणतात. मग औषध तरी कुठवर पुरणार?"

या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. कर्करोग होण्याचा धोका किती, हा एक प्रश्न. झालेला कर्करोग उपचारांना कसा प्रतिसाद देतो, हा दुसरा. जनुकातील दोषाने पहिला धोका वाढतो, म्हणून दुसरे उत्तरही वाईटच असेल, असे मनाला आपोआप वाटते. संशोधन मात्र तसे सांगत नाही, आणि ताईंच्या आजारात तर ते जवळजवळ उलट सांगते.

बीआरसीए जनुकांपासून तयार होणारी प्रथिने पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ते नीट जोडण्याचे काम करतात. ज्या गाठीच्या पेशींत ही दुरुस्ती बंद पडलेली असते, त्या पेशी कर्करोगाकडे वळतात खऱ्या, पण त्याच उणिवेमुळे डीएनएला इजा करणाऱ्या प्लॅटिनमवर्गीय औषधांपुढे त्या कमकुवतही ठरतात. ताईंची केमो याच वर्गातली होती. पार्प इन्हिबिटर गटातील ओलापॅरिबसारखी औषधे दुरुस्तीचा आणखी एक मार्ग अडवतात; निरोगी पेशींत बीआरसीएची एक चांगली प्रत शिल्लक असल्याने त्या बऱ्याच अंशी तग धरतात, गाठीच्या पेशींना मात्र ते जमत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोलो-१ या चाचणीत अंडाशयाचा पसरलेला कर्करोग आणि बीआरसीए दोष असलेल्या, प्लॅटिनम केमोने गुण आलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. आजार न वाढता तीन वर्षे पार करणाऱ्यांचे प्रमाण ओलापॅरिब घेणाऱ्यांत सुमारे ६० टक्के होते, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत सुमारे २७ टक्के. औषधाने रक्त कमी होते, थकवा आणि मळमळ येते, आणि आजार उलटणारच नाही अशी हमी कोणी देत नाही, हेही मी ताईंना सांगितले. पण ज्या रिपोर्टला त्या घाबरल्या होत्या, त्याच रिपोर्टमुळे हे औषध देण्याचा विचार करता येत होता.

स्तनांच्या कर्करोगाबाबतही अशीच भीती असते. ब्रिटनमध्ये चाळिशीच्या आत स्तनांचा कर्करोग झालेल्या २,७३३ स्त्रियांचा मागोवा घेणारा पॉश हा अभ्यास २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांतील १२ टक्के स्त्रियांत बीआरसीए दोष होता. दहा वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण दोष असलेल्यांत ७३.४ टक्के आणि नसलेल्यांत ७०.१ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रानुसार अर्थपूर्ण नव्हता. हे आकडे ऐकल्यावर ताईंनी पहिल्यांदाच रिपोर्टचा कागद हातातून खाली ठेवला.

मग आम्ही वंशावळ काढायला बसलो. आईकडच्या सगळ्यांची नावे भराभर आली. वडिलांकडचे विचारल्यावर धाकटी म्हणाली, "तिकडचं कशाला? बायकांचा आजार आहे ना हा." हा गैरसमज मला वारंवार भेटतो. हे सदोष जनुक वडिलांकडूनही तितकेच येते आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. आठवता आठवता समजले की, एक आत्या १९८८ मध्ये 'पोटात पाणी होऊन' पन्नाशीच्या आत गेली होती. निदान काय होते, ते आज कोणालाच सांगता येणार नाही. त्या काळी बीआरसीए-१ हे जनुक कोणाला ठाऊकही नव्हते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये ते १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष सापडले. त्यामुळे आधी का कळले नाही, म्हणून वडिलांना किंवा आजीला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

धाकटीच्या तपासणीत तोच बदल आढळला. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के असते. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य कुटुंबांवरून काढलेले आहेत, आणि ते पूर्ण आयुष्याचे आहेत, पुढच्या वर्षाचे नव्हेत. स्तनांसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफीचा पर्याय आहे. अंडाशयासाठी मात्र सोनोग्राफी किंवा सीए-१२५ या रक्ततपासणीच्या भरवशावर राहता येत नाही, कारण त्यांनी जीव वाचतात असे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना मुले झाल्यावर, साधारण ३५ ते ४० या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. धाकटीला दोन मुले होती. पाळी अचानक बंद झाल्यावर होणारा त्रास, हाडांची झीज, संप्रेरकांचे औषध घेता येईल का, या साऱ्यावर तिने स्त्रीरोगतज्ज्ञांशी दोनदा बोलून मग शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. स्तन काढण्याचा पर्याय तिने सध्या नको म्हटले, आणि तो निर्णय सर्वस्वी तिचा होता.

ताईंची खरी काळजी मुलीची होती. "हिच्या लग्नाचं काय? सांगावं लागेल का?" मी मुलीकडे वळून सांगितले की, तपासणी करायची की नाही, कधी करायची आणि कोणाला सांगायचे, हे तिने ठरवायचे आहे, विशेष देखरेख साधारण पंचविशीपासून सुरू होते, त्यामुळे आज घाई नाही. ती म्हणाली, "पदवी झाल्यावर बघते." ताईंना ते रुचले नाही, पण त्यांनी मान्य केले.

राहिला भाऊ. तो "मला काय होणार?" म्हणून येतच नव्हता. पुरुषांत बीआरसीए-१ मुळे धोका तुलनेने कमी असला, तरी त्याला दोन मुली आहेत. धाकटीने त्याच्याशी बोलण्याची जबाबदारी घेतली, आणि पुढच्या महिन्यात तो वहिनींना घेऊन तपासणीसाठी आला.