तसं जगलं तरच तसं लिहिता येतं, हे कोणी सांगितलं तुला?

अरे, तुझी दोन्ही गाणी ऐकली, काल रात्री हेडफोन लावून. चाल मस्तय. पण शब्दांत बाटली, हायवे, पाऊस, सोडून गेलेली पोरगी सगळं एकदम कोंबलंयस आणि वर मेसेजमध्ये म्हणतोस की कंट्री, म्हणजे ती अमेरिकन गावाकडची गाणी, लिहायची तर आधी थोडं वाया जावं लागतं. हे काही मला पटलं नाही.

कंट्रीतला मोठा गायक मर्ल हॅगार्ड घे. हा बाबा खरंच वाया गेलेला, वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा, मग पळून जाणं, चोऱ्यामाऱ्या, शेवटी सॅन क्वेंटिनचा तुरुंग, एकविसावं वर्ष त्याला आतच लागलं. १९६० मध्ये सुटला आणि १९६८ ला त्याचं 'मामा ट्राइड' (आईने प्रयत्न केला) हे गाणं आलं. आता गंमत बघ, गाण्यातला माणूस जन्मठेप भोगतोय, मर्ल तर तीनेक वर्षांतच बाहेर होता, म्हणजे शिक्षा त्याने बिनधास्त वाढवली. आईची गोष्ट मात्र बदलली नाही. ती एकटीने राबली, समजावून थकली, मीच ऐकलं नाही, बस. ना गरिबीवर ढकललं, ना दोस्तांवर. तुझ्या गाण्यात चूक कोणाची आहे सांग? नशिबाची, तिची, पावसाची, सगळ्यांची आहे, तुझी सोडून.

आणि कंट्रीवाल्याच जॉनी कॅशने फॉल्सम तुरुंगाचं गाणं लिहिलं तेव्हा तो एअरफोर्सचा पोरगा होता, जर्मनीत पोस्टिंग, तुरुंग पाहिला तो सिनेमात. तुरुंगवासाची शिक्षा त्याला आयुष्यात कधी झाली नाही. पण तोच पुढे सॅन क्वेंटिनला गायला गेला तेव्हा ऐकणाऱ्या कैद्यांत मर्ल बसलेला.

कंट्रीतल्याच जॉर्ज जोन्सचा किस्सा तुला माहितीच असेल, बायकोने गाडीच्या चाव्या लपवल्या तर गवत कापायच्या मशीनवर बसून दारू आणायला गेला, आपण हसतो, पण शो इतके बुडवायचा की 'नो शो जोन्स' नाव पडलं. कंट्रीचाच हँक विल्यम्स तर १ जानेवारी १९५३ ला ओहायोतल्या शोला जाताना गाडीच्या मागच्या सीटवरच मेला, वय २९. तुझ्याहून फार मोठा नव्हता रे.

दुसऱ्या गाण्यात ती एक ओळ आहे ना, आईचा फोन कट करतोस ती, तेवढी ठेव, बाकी सगळं खोड. तिथून परत लिही आणि रविवारपर्यंत पाठव, रेकॉर्डिंग नको, नुसते शब्द.

आणि हो, फोन कर तिला.