लेक म्हणतेय रिसर्च करणार, मग डॉक्टरकीचं काय?

ताई, कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं तुमचं पत्र आलं. लेक एमबीबीएस सेकंड इयरला आहे, परवा जेवताना म्हणाली मला क्लिनिकल रिसर्च करायचाय, आणि तुमच्या पोटात गोळा आला, की आता ही पेशंट सोडून लॅबमध्ये उंदरांच्या मागं लागणार आणि दवाखाना काढायचं राहूनच जाणार.

तसं नाही ओ. क्लिनिकल रिसर्च म्हणजे पेशंट बघता बघताच केलेला रिसर्च. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला असताना विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत दगावायची, तर त्यांनी प्रत्येकाची नाडी, बीपी, घाम किती वाजता सुटला ते सगळं लिहून ठेवलं, त्यातनं प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी उपयोगी पडते हे दाखवलं. पुढं 2011 मध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा पेपर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, पेशंट फक्त 70. गोळीसोबत प्रतिविषाचं इंजेक्शन दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे, नुसत्या गोळीवर 35 पैकी 8. पेशंट सोडून गेले असते तर हे कुणाला कळलं असतं का, सांगा.

आणि हे कुठल्या एका ब्रँचचं काम नाही. भूलतज्ज्ञ बघतो स्पायनल म्हणजे पाठीत दिलेल्या भुलीनंतर बीपी कमी पडू नये म्हणून काय करावं, सर्जन बघतो टाके कशानं पिकतात, मेडिसिनवाल्यांकडं आपल्या भागात ऊसपट्ट्यातले सर्पदंश आणि तणनाशक-कीटकनाशक प्यालेले पेशंट येतातच. त्यामुळं ब्रँच कुठली घ्यायची हे आत्ताच ठरवायला नको. एमडी-एमएसला थीसिस सगळ्यांनाच करावी लागते, मेडिकल कॉलेजात प्रमोशनलाही पेपर लागतात. फरक एवढाच की बरेच जण हे काम नुसतं उरकतात, तुमची लेक मनापासून करू बघतेय, आणि मला त्याचंच कौतुक वाटतंय.

मागं माझी आई अ‍ॅडमिट होती तेव्हा शेजारच्या कॉटवर एका आजोबांना रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस शिकणारी डॉक्टर मुलगी रिसर्चसाठीचं संमतीपत्र वाचून दाखवत होती, तिसऱ्यांदा. आजोबांना वाचता येत नव्हतं म्हणून बाहेरची एक व्यक्ती साक्षीला बसवली होती. आजोबा म्हणाले, म्हणजे सुई जादा टोचणार का? ती म्हणाली, एकदाच जादा, पाच मिली रक्त, आणि नको म्हणालात तरी औषध हेच मिळणार, राग नाही यायचा कुणाला. मग आजोबांनी अंगठा दिला. रात्रीचे साडेनऊ झाले होते, ती जेवलीही नव्हती. ही चिकाटी आणि हा खरेपणा लेकीत आहे का ते बघा, मार्क नंतर.

पैशाचं खरं सांगते, नुसत्या रिसर्चच्या नोकरीत खाजगी प्रॅक्टिसएवढा पैसा नाही. पण कॉलेजात किंवा मोठ्या हॉस्पिटलात राहून पेशंट आणि रिसर्च दोन्ही करता येतं, ती वाट मी सुचवेन.

आता करायचं काय, तर आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप म्हणून स्कीम आहे, एमबीबीएसच्या पोरांसाठी, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट, गाइड आपल्याच कॉलेजचा. पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्याच्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारायचं, पेशंटवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायला वेळ जातो म्हणून लवकर जायचं. स्टॅटिस्टिक्सला घाबरून चालणार नाही. आणि पैसे भरा, आठवड्यात पेपर छापतो म्हणणारे मेसेज येतात, त्यांच्या नादाला अजिबात लागू देऊ नका, नाव आयुष्यभर खराब होतं.

आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा, बाळा, तुला नेमका कुठला प्रश्न सोडवायचाय? ती जे सांगेल ते मला लिहून कळवा, मग गाइड कसा शोधायचा ते बोलू.