आधी हीट प्रेस, मग प्रिंटर

(छोट्या उद्योगांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात त्या-त्या धंद्यातली माणसं उत्तरं देतात. या महिन्याचा विषय टी-शर्ट छपाई. उत्तरं देणारे कोल्हापुरात कापडछपाईचा कारखाना चालवतात.)

प्रश्न : मी शिवणकाम करते, संगणकावर डिझाइनही जमतं. टी-शर्ट छपाई सुरू करायची आहे. जवळ दीड लाख रुपये आहेत. एका प्रदर्शनात विक्रेत्याने ए-थ्री आकाराचा डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग ती छाप कापडावर उतरवायची) प्रिंटर दाखवला. म्हणाला, ‘हे एकच मशीन घ्या, सगळ्या कापडांवर चालतं.’ मामेभाऊ म्हणतो, सब्लिमेशन घे, स्वस्त पडेल. सध्या गावातली दोन गणेश मंडळं, शाळेचं गॅदरिंग आणि एक ढोल-ताशा पथक एवढं गिऱ्हाईक दिसतंय. काय घेऊ?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : ताई, गिऱ्हाईक कोण ते तुम्ही लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मंडळं आणि पथकं टी-शर्ट मागतात ते बहुतेक कॉटनचे आणि भगवे, काळे किंवा मरून. तिथे सब्लिमेशनचा उपयोग नाही. त्या शाईची उष्णतेने वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. त्यासाठी साधारण १९० ते २०० अंश उष्णता आणि पाऊण-एक मिनिट लागतं. कॉटनमध्ये तिला धरून ठेवणारं काही नसतं, धुतलं की रंग उतरतो. शिवाय त्यात पांढरी शाई नसते, म्हणून काळ्या कापडावर छाप दिसतच नाही. पांढऱ्या पॉलिस्टर जर्सीची कामं मिळाली तर सब्लिमेशन उत्तम आहे, हाताला छाप लागतसुद्धा नाही. पण तुमचं आजचं गिऱ्हाईक ते नव्हे.

डीटीएफबद्दल विक्रेत्याने सांगितलं ते बरोबर आहे. फिल्मवर आधी रंग, त्यावर पांढरी शाई, त्यावर चिकट पावडर, मग शेक. अशी तयार फिल्म कॉटन, पॉलिस्टर, गडद, फिकं, सगळ्यांवर बसते. पण त्या पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड, तळाशी बसतं. प्रिंटर रोज चालला नाही, शाई हलती राहिली नाही, की शाई फवारणाऱ्या हेडची बारीक छिद्रं बुजतात. आता तुमचं वर्ष बघा. गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, फेब्रुवारीत शिवजयंती. मधले महिने मोकळे. त्या मोकळ्या महिन्यांत मशीन रोज चालवून शाई वाया घालवायची, नाहीतर नवं हेड घ्यायचं. हेड बदलणं ही किरकोळ दुरुस्ती नसते, मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यात जातो. दीड लाखाच्या भांडवलावर हा भार पहिल्याच वर्षी घेऊ नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

त्यापेक्षा फिल्म बाहेरून छापून घ्या. पुण्यात आणि कोल्हापुरातही मीटरच्या दराने डीटीएफ छापून देणारे आहेत. तुम्ही फाइल पाठवायची, रोल कुरिअरने येतो. ६० सेंटिमीटर रुंदीच्या एका मीटरमध्ये २५ बाय ३० ची डिझाइन्स शेजारी दोन आणि खाली तीन अशी सहा बसतात. कडेला जी पट्टी उरते, तिच्यात छातीवरचे छोटे लोगो बसवा. मीटरच्या दराला सहाने भागलं की एका नगाची छपाई समजते, आणि लोगो वरकमाई. डिझाइन तुम्हालाच येतं, म्हणजे ही मांडणी तुमच्या हातात आहे. नवीन माणसाचा नफा जास्त करून इथेच सांडतो.

पैसे घालायचे ते हीट प्रेसमध्ये, म्हणजे फिल्म तापवून शर्टवर दाबणाऱ्या मशीनमध्ये. शर्टवर छाप टिकणार की सुटणार, हे शेवटी प्रेस ठरवते. १५ बाय १५ इंची मशीन सुरुवातीला पुरेल, पाठीवर मोठी छपाई करायची असेल तर १६ बाय २४. घेण्याआधी दुकानातच तापवायला सांगा आणि दोन गोष्टी बघा. इन्फ्रारेड थर्मामीटरने मध्यभाग आणि चारही कोपरे मोजा. कोपऱ्यांत दहा-पंधरा अंश कमी भरले तर ती मशीन नको, कारण डिझाइनच्या कडा तिथेच सुटतील. मग चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून प्रेस बंद करा आणि ओढून बघा. एक पट्टी सहज निघाली आणि दुसरी फाटली, तर दाब सारखा नाही. विक्रेता कुरकुर करेल, करू द्या.

वीजही आधी बघून घ्या. लहान प्रेससुद्धा दीड ते दोन किलोवॉट घेते, म्हणजे साधारण साडेसहा ते नऊ अँपिअर. टीव्हीच्या सॉकेटवर ती चालवायची नाही. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग वायरमनकडून करून घ्या.

छापताना शर्ट आधी चार-पाच सेकंद नुसता दाबा, ओल निघून जाते. मग फिल्म ठेवून १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद. फिल्म गरम सोलायची की थंड झाल्यावर, हे छापणाऱ्याला विचारून ठेवा. थंड सोलायची फिल्म घाईने ओढली तर अर्धं अक्षर हातात येतं. सोलल्यावर टेफ्लॉन शीट ठेवून पुन्हा पाच सेकंद दाब द्या. कॉलरच्या शर्टाची बटणं आणि जाड शिवण प्रेसचा दाब अडवतात, त्यासाठी आत घालायची फोमची गादी लागते. ती तुम्ही स्वतः शिवू शकाल, उष्णता सोसणारं कापड तेवढं वापरा.

शर्ट निवडण्यात तुमचा हात इतरांपेक्षा चांगला बसेल. तिरुपूरचा माल मागवताना नुसतं ‘कॉटन’ म्हणू नका. १८० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), बायोवॉश केलेलं आहे का, असं विचारा. बायोवॉशने कापडावरचं लव निघतं. लव असेल तर छाप तिच्यावर बसते आणि चार धुण्यांत उचलते. प्रत्येक नव्या लॉटमधला एक शर्ट मोजून, छापून, धुऊन पुन्हा मोजा. आटतो किती, तिरका होतो का, छापेला भेगा पडतात का, सगळं दिसतं. पथकाला शर्ट देताना उलटा करून धुवा आणि छापेवर इस्त्री फिरवू नका, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

आता मंडळाने एका रंगात दोनशे नग मागितले तर? तिथे डीटीएफ नको, स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. माझं पोट स्क्रीनवर चालतं म्हणून हे म्हणत नाही. एका रंगाला एक स्क्रीन, तिचा खर्च एकदाच, मग तो दोनशे नगांवर पसरतो. छापही पातळ असते, ढोल वाजवताना घामाने भिजलेल्या पाठीला प्लास्टिकसारखी चिकटत नाही. अशी ऑर्डर आली की जवळच्या स्क्रीन प्रिंटरला जॉबवर द्या आणि काम होत असताना बाजूला उभं राहून बघा. वर्षभरात तुमची विक्री कशाची जास्त आहे ते कळेल. प्रिंटरचा निर्णय तेव्हा घ्या.

उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेत शिशु गटातून ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं.

प्रश्न : कबड्डी संघाच्या मरून पॉलिस्टर जर्सीवर डीटीएफने पांढरे आकडे बसवले. देताना पांढरेशुभ्र होते, दोन दिवसांनी गुलाबी झाले. शाई खराब होती का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शाईचा दोष नाही. पॉलिस्टरचा मरून रंग ज्या रंगद्रव्याने येतो, तेही सब्लिमेशनच्या शाईसारखंच उष्णतेने वाफ होऊन सुटतं आणि वरच्या पांढऱ्यात शिरतं. लाल आणि मरूनमध्ये हा त्रास सर्वांत जास्त. कमी उष्णतेवर बसणारी पावडर वापरणारा छापणारा शोधा आणि १२०-१३० अंशांवर काम करा, किंवा रंग अडवणारा थर असलेलं व्हिनाइल (उष्णतेने चिकटणारी प्लास्टिकची पातळ शीट) कापून आकडे लावा. एक जर्सी छापून दोन दिवस ठेवा, मगच बाकीच्यांना हात लावा. संघाकडे वेळ असेल तर पांढऱ्या कापडावर मरून रंगासकट सगळं सब्लिमेशनने छापून जर्सी शिवून घेणं सर्वांत चांगलं.

प्रश्न : घरच्या पडवीत स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलंय. पावसाळ्यात स्क्रीन धुताना अक्षरांच्या कडा तुटतात, आणि पिगमेंटची छाप दुसऱ्या धुण्यात उतरते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या हवेत इमल्शन (स्क्रीनच्या जाळीवर लावायचं, प्रकाशाने घट्ट होणारं रसायन) वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं राहतं. ओल्या इमल्शनवर एक्स्पोजर (प्रकाश) दिलं की ते नीट घट्ट होत नाही आणि धुताना निघतं. लहान बंद खोली करा, पिवळा दिवा लावा, पंखा ठेवा आणि कोकणात डीह्युमिडिफायर घ्याच. साध्या अक्षरांना सेंटिमीटरला ४३ ते ५५ धाग्यांची जाळी पुरे, बारीक कामाला ७७.

छाप उतरते कारण ती वाळली आहे, पिकलेली नाही. पिगमेंट शाईतल्या बाइंडरला, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला, साधारण १५० अंशांवर काही मिनिटं शेक लागतो, दोरीवर वाळवून तो मिळत नाही. प्लास्टिसोल (प्लास्टिकची शाई) वापरलात तर ती हवेत वाळतच नाही, तिला १६० च्या आसपास तापवावं लागतं. उरलेली शाई पडवीखालच्या पऱ्ह्यात ओतू नका. फडक्याने पुसून, सुकवून कचऱ्यात द्या.

प्रश्न : आयपीएल संघांची चिन्हं छापून विकली तर चालेल का? मित्र म्हणतात, सगळेच करतात.
— एक विद्यार्थी वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ते नोंदणीकृत ट्रेडमार्क असतात, परवानगीशिवाय विकणं गुन्हा आहे आणि मालही जप्त होऊ शकतो. कार्टूनमधली पात्रं, सिनेमाची पोस्टर्स यांनाही परवानगी लागते. तुकोबांचा अभंग छापायला कोणाची परवानगी लागत नाही. पण कोणा सुलेखनकाराने काढलेलं अभंगाचं अक्षरचित्र उचललंत, तर ते त्याचं आहे. त्याला विचारा आणि मोबदला द्या.