व्हॉली सोडावी का?

प्रश्न : आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवायला व्हॉली ही लायब्ररी वापरली आहे. दहा-बारा एपीआय (सर्व्हरशी बोलायचे ठरलेले पत्ते), सगळे जेसन या मजकुरी स्वरूपात डेटा देणारे-घेणारे. आता फोटोही अपलोड करायचे आहेत. नेट मंद असलं की एकच नोंद सर्व्हरवर दोनदा पडते. लायब्ररी बदलावी का, आणि कोणती घ्यावी?

उत्तर : आधी दुहेरी नोंदीचं बघा, कारण लायब्ररी बदलूनही ते दुखणं मागे येऊ शकतं. व्हॉलीचा डीफॉल्ट टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) २५०० मिलिसेकंदांचा आहे आणि तो उलटला की ती आपणहून एकदा पुन्हा प्रयत्न करते, पोस्ट (नवी नोंद पाठवणारी) रिक्वेस्ट असली तरी. सर्व्हरने पहिली रिक्वेस्ट नोंदवलेली असते, फक्त उत्तर पोहोचलेलं नसतं. पोस्टसाठी रिट्राय पॉलिसीत (पुन्हा प्रयत्नाच्या सेटिंगमध्ये) टाइमआउट १५००० मिलिसेकंद आणि रिट्राय ० ठेवा. पण वापरणाऱ्याने बटण दुसऱ्यांदा दाबलं तर? म्हणून प्रत्येक नोंदीसाठी अ‍ॅपमध्येच एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) तयार करून सोबत पाठवा आणि तोच पुन्हा आला तर नवी नोंद करू नका, असं सर्व्हरला शिकवा. खरा इलाज हाच.

लायब्ररी मात्र फोटोंसाठी बदलाच. व्हॉली रिक्वेस्टचा सगळा मजकूर मेमरीत धरते. मोठ्या फायलींसाठी ती बनलेलीच नाही. रिक्वेस्ट पाठवणारी ओकेएचटीटीपी ही लायब्ररी आणि त्यावर एपीआय साध्या फंक्शनसारखे वापरू देणारी रेट्रोफिट घ्या. एकदोनच एपीआय असते तर नुसतं ओकेएचटीटीपी पुरलं असतं.

ओकेएचटीटीपीचा क्लायंट (रिक्वेस्ट पाठवणारा ऑब्जेक्ट) अख्ख्या अ‍ॅपमध्ये एकच ठेवा. दर रिक्वेस्टला नवा केला तर कनेक्शन पुन्हा वापरली जात नाहीत आणि थ्रेड (मागे चालणारी कामं) साचत जातात. कनेक्ट (जोडणी), रीड (उत्तर वाचणं) आणि राइट (डेटा पाठवणं) हे तिन्ही टाइमआउट मुळात १० सेकंदांचे असतात. फोटो पूर्ण गेल्यावरही टाइमआउट येत असेल तर बहुधा सर्व्हर फोटोवर काम करत बसलेला असतो. तेव्हा रीड टाइमआउट ६० सेकंद करा, राइट वाढवून उपयोग नाही. फाइल अख्खी मेमरीत, म्हणजे बाइट अ‍ॅरेत वाचू नका, थेट फाइलवरूनच रिक्वेस्ट बॉडी (पाठवायचा मजकूर) बनवा.

रेट्रोफिटमध्ये बेस यूआरएलच्या (सगळ्या एपीआयच्या सामायिक पत्त्याच्या) शेवटी तिरकी रेघ (/) हवीच, नाहीतर अ‍ॅप तिथेच कोसळतं. एपीआयच्या पथाच्या सुरुवातीला मात्र ती नको. दिलीत तर बेस यूआरएलमधला पथ गळून पडतो. जेसनचे ऑब्जेक्ट करायला जीसन ही लायब्ररी वापरत असाल तर रिलीज (लोकांना द्यायच्या) बिल्डमध्ये आर-एट हे कोड लहान करणारं टूल फील्डची नावं बदलतं आणि डेटा नल (रिकामा) येतो, म्हणून प्रत्येक फील्डला जेसनमधलं नाव सांगणारी सीरियलाइज्ड-नेम ही खूण लावा. हा घोळ डीबग (चाचणीच्या) बिल्डमध्ये सहसा दिसत नाही, कारण तिथे आर-एट बंद असतं.